आणीबाणीचं सामान घरात भरताना या चुका टाळा

वादळाचा इशारा आला की लोक धावत सुटतात, हाताला लागेल ते उचलतात आणि घरी आणून एका खोक्यात कोंबतात. संकट टळतं, खोकं माळ्यावर जातं आणि विसरलं जातं. दोन-तीन वर्षांनी खरंच गरज पडते तेव्हा त्यातलं निम्मं सामान भंगारात काढायच्या लायकीचं झालेलं असतं. माणसं बदलतात, घरं बदलतात, चुका मात्र त्याच. सर्वात जास्त घोळ पाण्यात आणि टॉर्चच्या सेलमध्ये होतो, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीचं थोडक्यात.

पाणी "पिण्यापुरतं" मोजणं

माणशी दिवसाला ४ लिटर हा हिशेब धरा. त्यातलं साधारण निम्मं पिण्याचं, उरलेलं स्वयंपाक, दात आणि हात धुण्याचं. अंघोळ, कपडे, संडास यात धरलेलं नाही. चार माणसांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतात, दोन आठवड्यांसाठी २२४. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन आठवड्यांचं पाणी सव्वादोन क्विंटलच्या घरात जातं. हा आकडा ऐकला की उत्साही मंडळी एकदम गप्प होतात. आधी तीन दिवसांचं पाणी भरा, ते नीट सांभाळता येतंय का बघा, मग हळूहळू दोन आठवड्यांपर्यंत वाढवा. कडक उन्हाळा असेल, घरात आजारी माणूस, बाळाला पाजणारी आई किंवा पाळीव जनावर असेल, तर पाणी वाढवून धरा.

त्याहून मोठी चूक भांड्याची. एका घरात पाण्याची काटेकोर तयारी होती. २० लिटरचे तीन मोठे जार, तोंडं सीलबंद, जिन्याखाली ओळीने मांडलेले. वादळानंतर दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले, वीज तर आधीच गेलेली. टॉर्चच्या उजेडात पातेल्यावर जार कलंडवायला घेतला तेव्हा कळलं की भरलेला जार म्हणजे २० किलोंहून जास्त वजन. त्यात हवा आत जायला वाट नाही, त्यामुळे पाणी गचके खात येतं. पातेलं निसटलं, चार-पाच लिटर पाणी फरशीवर गेलं. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. जारचं झाकण उघडं ठेवलं आणि ज्याला लागेल त्याने वाटीने पाणी काढायचं ठरलं. हात धुवायला पाणी वापरायचं नाही, असंही ठरलेलं होतंच. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास येऊ लागला आणि धाकट्या मुलाला जुलाब सुरू झाले. पाण्याची कमतरता नव्हती. प्रत्येक वाटीबरोबर हाताची घाण आत जात राहिली आणि पाणी नासलं.

म्हणून ५ ते १० लिटरचे, अरुंद तोंडाचे, खाली तोटी असलेले कॅन घ्या. घरातल्या सर्वात अशक्त माणसाला जो कॅन उचलता येतो, तोच आकार योग्य. मोठे जार घरात आधीच असतील तर त्यांना बसणारा हातपंप आजच आणून ठेवा. पाणी तोटीतून किंवा पंपातूनच घ्यायचं, आत हात घालायचा नाही.

दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन वापरू नका. कितीही धुतले तरी स्निग्धांश आणि प्रथिनं उरतात, त्यावर जंतू पोसले जातात. ज्या डब्यात कधीकाळी फिनेल, कीटकनाशक किंवा रंग होता तो तर पाण्यासाठी कायमचा बाद. पाण्याचे कॅन पेट्रोल, केरोसीन, कीटकनाशकं यांच्या शेजारीही ठेवायचे नाहीत, कारण त्यांची वाफ प्लास्टिकमधून आत शिरते. घरी भरलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला. जुनं ओतून देऊ नका, झाडांना घाला, फरशी पुसा.

शुद्धीकरणात घाई करणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. गढूळ पाण्यात ब्लीच ओतायचं आणि लगेच ग्लास तोंडाला लावायचा. तसं चालत नाही. पाणी आधी निवळू द्या, मग जाड स्वच्छ कापडातून गाळा. उकळणं शक्य असेल तर उकळाच, हा सर्वात भरवशाचा उपाय. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. इंधन नसेल तर साधं, बिनवासाचं, ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती द्रव ब्लीच: लिटरला २ थेंब, पाणी गढूळच राहिलं असेल तर ४. ढवळून ३० मिनिटं थांबा. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. नाहीच आला तर तेवढेच थेंब पुन्हा टाका आणि आणखी १५ मिनिटं थांबा. सुगंधी, दाट केलेलं किंवा रंगीत कपड्यांचं ब्लीच चालत नाही. ब्लीचिंग पावडर ही वेगळी वस्तू आहे, तिला हे थेंबांचं माप लावू नका. बाटलीतलं ब्लीचही पडून पडून कमजोर होतं, म्हणून वर्षाला नवी बाटली आणा. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळा. पाण्यात रसायनं किंवा इंधन मिसळलं असेल तर यातल्या कशाचाही उपयोग नाही, ते पाणी पिऊच नका.

घरात आधीच असलेलं पाणी बहुतेकांना दिसतच नाही. टाकीच्या गीझरमध्ये बऱ्यापैकी पाणी असतं. वीज बंद करा, आत पाणी येण्याची झडप बंद करा म्हणजे बाहेरचं खराब पाणी त्यात शिरणार नाही, पाणी गार होऊ द्या आणि खालून काढा. तळाचा गाळ येईल, तो खाली बसू द्या, मग पाणी उकळून वापरा. टाकी रिकामी असताना गीझर चुकूनही चालू करू नका.

सेल टॉर्चमध्येच ठेवणं

आणीबाणीचं खोकं उघडलं की टॉर्च हमखास सापडतो, पण लागत नाही. झाकण फिरत नाही. जोर लावून फिरवलंच तर आत पांढरा भुगा, हिरवी पडलेली स्प्रिंग आणि नळीत फुगून रुतून बसलेला सेल. यात टॉर्चच्या कंपनीचा काही दोष नाही. अल्कलाइन सेल बंद टॉर्चमध्येही हळूहळू उतरत राहतो आणि ज्या टॉर्चचं बटण इलेक्ट्रॉनिक असतं तो बंद असतानाही थेंबथेंब वीज पितो. ओळीत बसवलेल्या सेलांपैकी एखादा आधी संपला की बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात. आत वायू तयार होतो, सील फुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेशी संयोग झाला की त्याचाच तो पांढरा भुगा होतो. हा दाहक पदार्थ आहे, त्वचा आणि डोळे भाजतो.

गळती थोडी असेल तर टॉर्च वाचतो. हातमोजे घाला, सेल काढून टाका, कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून भुगा पुसा. बारीक फेस येईल, तो यायलाच हवा. मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर टॉर्च फेकून द्या, ठोकाठोकीत वेळ घालवू नका.

सवय एकच लावून घ्यायची: सेल बाहेर, टॉर्चला रबरबँडने बांधलेल्या पाकिटात. पाकिटात टोकं एकमेकांना किंवा नाण्या-किल्ल्यांना टेकता कामा नयेत. रात्री अंधारात सेल घालत बसायचं नसेल, तर पलंगाशेजारच्या एकाच टॉर्चमध्ये सेल ठेवा आणि तो दर महिन्याला लावून बघा. जुने आणि नवे सेल, वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालणं म्हणजे गळतीला आमंत्रण. मी तर आणीबाणीच्या खोक्यासाठी डबल ए आकाराचे, चार्ज न होणारे लिथियम सेल सुचवेन. महाग पडतात, पण दहा वर्षांहून जास्त टिकतात आणि क्वचितच गळतात. त्याहून महत्त्वाचं, टॉर्च, रेडिओ, कंदील सगळं एकाच आकाराच्या सेलवर चालणारं घ्या. चार आकारांचे सेल साठवणारा माणूस ऐनवेळी नेमक्या नको त्या आकाराचे सेल हातात धरून बसतो. एक तरी दिवा डोक्याला बांधायचा घ्या. दोन्ही हात मोकळे राहणं किती मोलाचं, ते कॅन उचलताना कळतं.

मेणबत्त्या? आणूच नका. अंधार, धावपळ, लहान मुलं आणि उघडी ज्योत, यातून आग लागते.

पॉवर बँकवरचा आकडा खरा मानणं

२०,००० एमएएच लिहिलंय म्हणजे ५,००० चा फोन चार वेळा चार्ज होईल, असं वाटतं. होत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. बाहेर ५ व्होल्ट देताना तो १४,८०० वर येतो आणि रूपांतरात आणखी वीज उष्णतेत जाते. हाती साधारण १२,००० ते १३,००० लागतात, म्हणजे फोन अडीच वेळा. पाठीवर तळहाताएवढं सौर पॅनेल चिकटवलेल्या बँकेला तर भुलूच नका. २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-तासांची बँक एक-सव्वा वॉटच्या पॅनेलवर भरायला किमान साठ-सत्तर तासांचं कडक ऊन लागेल आणि त्या उन्हात बँकेचा सेल तापून खराब होईल तो वेगळाच. पॉवर बँक वर्षभर नुसती पडून राहणार असेल तर निम्मी चार्ज करून ठेवा, दर तीन महिन्यांनी तपासा, वादळाचा इशारा आला की पूर्ण भरा. फुगलेली दिसली तर टोचू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या.

जनरेटर घराच्या आसपास चालवणं

यावर चर्चाच नको. बाल्कनीत, गॅरेजमध्ये, जिन्याखाली, दार उघडं ठेवून, "दहाच मिनिटं", कशालाही माफी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतंय, झोप येतेय असं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. जनरेटर मोकळ्या जागेत, खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर लांब, धूर घराच्या उलट दिशेला. कोळशाची शेगडी आत आणणाऱ्यांनाही हेच लागू. सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटला कधीही जोडू नका. वीज उलटी फिरून बाहेरच्या तारांत जाते आणि तारा दुरुस्त करणारा वायरमन जिवाला मुकतो.

खाणं

घरात एरवी जे कोणी खात नाही ते संकटातही कोणी खाणार नाही. रोजच्या खाण्यातलंच, पण शिजवायला कमी पाणी आणि कमी इंधन लागेल असं घ्या. खारट पदार्थ कमी, कारण तहान वाढते आणि पाणी मोजकं असतं. नवं मागे, जुनं पुढे. डबाबंद खाणं साठवून डबे उघडायचं साधन न ठेवणारे इतके भेटतात की आता हसूही येत नाही.

वीज गेली की आधी फ्रिजमधलं संपवा, मग फ्रीजरमधलं, कोरडं शेवटी. दार बंद ठेवलं तर फ्रिजमधलं चार तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. घरी नसताना वीज जाऊन आली का, हे कळायला फ्रीजरमध्ये पाण्याचा पेला गोठवून त्यावर नाणं ठेवा. नाणं बर्फात खोल बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, फेकून द्या. चाखून ठरवू नका, विषारी झालेलं अन्न चवीला छान लागू शकतं.

औषधं, संडास आणि बाकीचं

नियमित औषधांचा किमान आठवड्याचा, जमल्यास दोन आठवड्यांचा साठा ठेवा. तो बाथरूममध्ये किंवा गाडीत नको, उष्णता आणि दमट हवा औषधं खराब करतात. इन्सुलिन लागत असेल तर ते वीज गेल्यावर किती दिवस बाहेर टिकेल, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. चष्म्याची जुनी जोडी, सॅनिटरी पॅड, बाळाचे लंगोट, क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं. पाकिटं संपली तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट भरलेले ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, माप न चुकवता. "शंभर वस्तूंचा" तयार प्रथमोपचार संच घेतलात तर त्यात बहुतांश इवल्या पट्ट्याच निघतील. निर्जंतुक गॉझ, रुंद बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे स्वतः निवडून भरा.

संडासाचा विचार कोणीही करत नाही. दोन बादल्या, जाड पिशव्या, पोतंभर लाकडाचा भुसा. एक बादली लघवीला, दुसरी शौचाला, प्रत्येक वेळी वर भुसा. दोन्ही एकत्र केलं की दुर्गंधी कैकपट वाढते.

महत्त्वाच्या कागदांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, फोन नंबर कागदावर, थोडी रोख सुट्ट्या नोटांत. गॅस, पाणी आणि विजेचे मुख्य खटके कुठे आहेत ते घरातल्या प्रत्येकाला हाताने बंद करून दाखवता आलं पाहिजे.

सगळं एकाच जागी ठेवू नका. तळमजल्यावर पुराचं पाणी शिरतं, कपाटाच्या माथ्यावरचं सामान भूकंपात डोक्यात पडतं, माळ्यावर औषधं भाजून निघतात. दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा. घर सोडताना न्यायची पिशवी भरून झाली की ती पाठीवर घ्या, लहान मूल कडेवर घ्या आणि सगळे जिने उतरून परत चढा. धाप लागली तर सामान कमी करा.

सगळं भरून झालं की एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मेन स्विच पाडा, नळाचा कॉक बंद करा आणि २४ तास फक्त साठवलेल्या सामानावर काढा. फ्रिजमधलं आधी संपवून ठेवा. जी वस्तू सापडली नाही, पुरली नाही किंवा चाललीच नाही, ती त्याच वेळी खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहा. दुसऱ्या दिवशी यादी करायला बसलात तर निम्मं विसरलेलं असेल.