ड्रिफ्टिंग शिकायला पहिली स्वस्त गाडी घेताय? या चुका टाळा

ड्रिफ्ट म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी चालवणं. ते शिकणाऱ्याला गाडी किती पळते याचं फारसं महत्त्व नसतं. सकाळी मैदानात शिरलेली गाडी संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारत राहते का, एवढंच बघायचं असतं. दोन फेऱ्या मारून बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या गाडीवर कुणी काही शिकत नाही. खालच्या बहुतेक चुका खरेदीच्या दिवशी होतात आणि त्यांची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागते.

हे सगळं बंद ट्रॅकवर किंवा परवानगी घेतलेल्या मोकळ्या जागेवर करायचं. सार्वजनिक रस्त्याचा प्रश्नच येत नाही.

नावामागे धावणं

ड्रिफ्टिंग म्हटलं की निसान सिल्व्हिया आणि टोयोटा एई८६ ही नावं आधी येतात. त्याला कारणही आहे. जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलेला हा प्रकार रेसिंग ड्रायव्हर केइची त्सुचिया यांनी एई८६ मधून लोकप्रिय केला, आणि २००० साली डी१ ग्रां प्री ही जपानी ड्रिफ्ट स्पर्धा सुरू झाल्यापासून सिल्व्हिया तर या खेळाची ओळखच बनली. पण एई८६ चं उत्पादन १९८७ मध्ये थांबलं आणि सिल्व्हियाची शेवटची पिढी, एस१५, २००२ मध्ये. उरलेल्या गाड्यांना आता हौशी संग्राहकांचा भाव आहे. स्वस्तात मिळालीच, तर ती बहुधा तीन-चार जणांनी पिळून काढलेली असते. शिकताना गाडी ठोकली जाणारच. जिचा बंपर मिळवायला महिने लागतात, ती गाडी त्या कामाची नाही.

शिकाऊ माणसाने आपल्या भागात ज्याचे सुटे भाग भंगारात सहज मिळतात असं मॉडेल शोधावं. मागची चाकं इंजिनाने फिरणारी, मॅन्युअल गिअरची, खूप संख्येने विकली गेलेली. युरोपात या वर्णनात बीएमडब्ल्यू ३ सिरीजची ई३६ आणि ई४६ बसतात, आणि माझं मत विचाराल तर साध्या सहा सिलिंडरच्या ई३६ इतकी समजूतदार पहिली गाडी कमीच. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७०० मिमी, म्हणजे मागची बाजू सुटते ती बेतात सुटते, सावरायला वेळ मिळतो. दुखणी ठरलेली आहेत: कूलिंगचे प्लास्टिकचे भाग. एक्सपान्शन टँक, रेडिएटरचं तोंड आणि काही वॉटर पंपांचा प्लास्टिकचा पंखा वयाने ठिसूळ होतात. घेतल्याबरोबर हे सगळं बदलायचं, गाडी ठीक चालत असली तरी.

ई४६ मध्ये आणखी एक तपासणी. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला बसतो तिथल्या पत्र्याला तडे जातात. गाडी वर घेऊन चारही जागा टॉर्चने पाहा. नवा अंडरकोट (गाडीखालचा गंजरोधक थर) फक्त तेवढ्याच भागावर मारलेला दिसला तर विकणाऱ्याला कारण विचारा.

माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी हलकी, साधी, टायरवर कमी खर्च करणारी. पण तिचा व्हीलबेस २२६५ मिमी. लहान व्हीलबेसची गाडी पटकन गिरकी घेते, त्यामुळे सुरुवात खडतर जाते. तिच्यावर शिकलेल्याचे हात मात्र चपळ होतात. छत कापडी असल्यामुळे रोल बारचा (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाइपचा) खर्च किमतीतच धरा. निसान ३५०झेडला कारखान्यातूनच भरपूर ताकद आहे, पण ती दीड टनाच्या आसपास भरते आणि तिची चाकं १७-१८ इंची असतात. म्हणजे टायरचं बिल मोठं.

माझदा आरएक्स-८ अनेकदा संशय यावा इतकी स्वस्त मिळते. तिचं रोटरी इंजिन रचनेनुसारच थोडं तेल जाळतं आणि कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलं की इंजिन पूर्ण उघडावं लागतं. ते मोजायला रोटरीचं वेगळं यंत्र लागतं, साध्या गेजने कळत नाही. गाडी नीट तापवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला तर दुसरी गाडी पाहा.

ताकदीचा हव्यास

दीडशे ते दोनशे हॉर्सपॉवर पहिल्या गाडीला पुरे. एवढ्या ताकदीत नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून चूक झाकता येत नाही. वळणात शिरताना वजन पुढे टाकणं, हँडब्रेक ओढणं, क्लच झटकन दाबून सोडत मागच्या चाकांना हिसका देणं, हे सगळं करावंच लागतं, आणि शिकायचं तेच असतं. जुन्या टर्बो गाडीत ताकद उशिरा आणि एकदम येते. नवख्याला ती आली हे कळेपर्यंत गाडी उलटं तोंड करून उभी असते. शिवाय जास्त ताकद म्हणजे जास्त टायर, जास्त उष्णता आणि गिअरबॉक्सवर जास्त ताण.

इंजिन फारच अशक्त असेल तर उपाय साधा आहे. मागे अरुंद, कडक रबराचे टायर लावा किंवा ओल्या मैदानावर सराव करा. ओल्यात शंभर हॉर्सपॉवरची गाडीही छान आडवी होते.

'नव्वद टक्के तयार' गाडी

जाहिरातीत हे शब्द दिसले की उरलेले दहा टक्के म्हणजे वायरिंग, असं धरून चाला. हायड्रॉलिक हँडब्रेक बसवलाय पण ब्रेकची पाइप नीट बांधलेली नाही, स्टीअरिंगचा अँगल वाढवलाय पण पूर्ण वळवल्यावर टायर पत्र्याला घासतो, इंजिन बदललंय आणि पंख्याचं स्विच डॅशबोर्डखाली लोंबकळतंय. अशा गाडीत बिघाड झाला की तो गाडीचा आहे की आधीच्या मालकाच्या कल्पकतेचा, हेच कळत नाही. मूळ स्थितीतली कंटाळवाणी गाडी घ्या.

अपवाद एकच. मालक त्याच गाडीवर नियमित सराव करतो, तुम्ही ती दिवसभर चालताना स्वतः पाहिली आहे, आणि कामाच्या पावत्या आहेत. अशी गाडी मिळाली तर घासाघीस फार ताणू नका. त्याने घातलेल्या भागांचे निम्मे पैसेही त्याला परत मिळत नसतात.

खाली न वाकता गाडी पाहणं

रंगाकडे शेवटी पाहा. आधी सिल (दाराखालची पट्टी), पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर, जॅक लावायच्या जागा आणि मागचे आर्च (चाकांवरच्या कमानी). वरचा गंज चालेल. स्क्रूड्रायव्हर आत जात असेल तर चालणार नाही, कारण सस्पेन्शन ज्या पत्र्याला धरून आहे तोच सडला तर व्हील अलाइनमेंट टिकत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गाडी 'जरा गरम करून ठेवलेली' असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता लवकर जा.

डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) कोणतं आहे ते विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. पुढची चाकं अडवा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर डिफरन्शियल ओपन आहे, किंवा क्लच-प्लेटची एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर ती झिजलेली आहे. ओपन डिफरन्शियलमध्ये वळणावर आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि तेच एकटं फिरत बसतं. धूर निघतो, गाडी सरळ होते. चांगली क्लच-प्लेट एलएसडी महाग असते, म्हणून बरेच जण आतले गिअर वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र बांधतात. फक्त मैदानावरच्या गाडीला हे चालतं, पण वेल्डिंग जाणत्याकडून करून घ्या. कच्च्या वेल्डचा तुकडा आत अडकला तर मागची चाकं धावत्या गाडीत जाम होऊ शकतात. तीच गाडी रोज रस्त्यावर न्यायची असेल तर वेल्ड नकोच. हळू वळतानाही टायर घासतात आणि ओल्या रस्त्यावर ती अवचित सुटते.

फार नवी गाडीही नको. बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक ड्रिफ्टला निरुपयोगी आहे, आणि काही गाड्यांत स्थिरतेची यंत्रणा पूर्ण बंद होतच नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच नसल्याने अर्धा अभ्यासक्रम गळतो.

सगळे पैसे गाडीतच घालणं

बजेटचा निम्मा भागच गाडीवर खर्च करा. उरलेल्यातून आधी तेलं, कूलंट, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड) आणि बॉल जॉइंट, मग आपल्याला घट्ट धरून ठेवणारी सीट, मग डिफरन्शियल. दारावर रेलून स्टीअरिंगला लटकणाऱ्या माणसाला गाडी काय सांगतेय ते जाणवत नाही, म्हणून सीटचा क्रम इतका वर. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) आणि अँगल किट (पुढची चाकं जास्त वळवणारे भाग) नंतर. चाकं १५-१६ इंची ठेवता आली तर जुने टायर सहज मिळतात. जादा रिम्सचा एक जोड घेऊन ठेवा.

मैदानावर अडलं तर

*गाडी आडवी होतच नाही, पुढे सरकत जाते.* पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे, हे सर्वांत सामान्य कारण. उलट करा: चांगली पकड पुढे, स्वस्त टायर मागे. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम वर ठेवा. हँडब्रेक ओढताना क्लच दाबलेला हवा, नाहीतर इंजिन बंद पडतं. हँडब्रेकने चाकं थांबतच नसतील तर केबल आणि शू आधी बघा, हायड्रॉलिक किटचा विचार नंतर.

*सुटली की थेट गिरकी घेते.* बहुतेक वेळा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन उचललेला असतो. तो हळू सोडा, आणि स्टीअरिंग घट्ट धरू नका. पुढची चाकं घसरण्याच्या दिशेने स्वतःहून वळतात, ते चक्र हातातून फिरू द्या. तरीही तसंच होत असेल तर मागचं टो (चाकांचा आत-बाहेर कल) आणि मागचे बुश तपासा.

*तापमानाचा काटा चढतो.* आडव्या गाडीत वेग कमी, आरपीएम जास्त आणि रेडिएटरला समोरून वारा नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर एक फेरी हळू मारा. तरी तापत असेल तर कूलिंगमधली हवा काढा, पंखा आणि थर्मोस्टॅट बघा. कूलंट सारखं कमी होत असेल, पण गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय घ्या आणि त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू करू नका.

*स्टीअरिंग मध्येच जड होतं.* पॉवर स्टीअरिंगचं तेल उकळून फेसाळलंय. थांबा, थंड होऊ द्या. पुढे त्यासाठी छोटा कूलर बसवा, स्वस्त काम आहे.

*लांब घसरणीत इंजिन गचके खातं.* स्पार्क प्लग काढण्याआधी पेट्रोलचा काटा बघा. टाकी अर्ध्याखाली गेली की पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. इंजिन ऑइलचंही तसंच, म्हणून सरावाआधी तेल मोजायच्या काडीवर तेल वरच्या खुणेपर्यंत असू द्या आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा काडी ओढून बघा.