साठीनंतर कॅनडात: नव्याने येणाऱ्या आई-बाबांसाठी

मुलांनी स्पॉन्सर केलं, कागद झाले आणि आता साठी ओलांडल्यावर कॅनडात कायमचं राहायला यायचं आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. आम्ही दोघं असेच ऑन्टारिओ प्रांतात आलो. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. माझं पहिलं सांगणं असं, की मुलाच्या घरी राहायला चाललोय असं मनाशी धरू नका, या देशात राहायला चाललोय असं धरा. पहिल्या विचाराने आलात तर सगळा दिवस नातवंडांच्या वेळांवर चालतो आणि उरलेला खिडकीत बसून जातो. घरावर माया असतेच, पण तेवढ्यावर माणसाची वर्षं निघत नाहीत.

आपण कुठल्या कागदावर येतोय ते आधी नीट समजून घ्या. सुपर व्हिसावर एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो पाहुण्यांचाच व्हिसा. त्यावर नोकरी करता येत नाही, खाजगी आरोग्य विमा घ्यावा लागतो आणि सरकारी पैशावर चालणारे इंग्रजीचे वर्गही मिळत नाहीत. पर्मनंट रेसिडेंट असाल तर हे सगळं खुलं होतं. पुढचं लिहिलंय ते पर्मनंट रेसिडेंट मंडळींसाठी.

आल्या आल्या सोशल इन्शुरन्स नंबर आणि आरोग्याचं कार्ड काढा. ऑन्टारिओत पूर्वी आरोग्य विम्यासाठी 3 महिने थांबावं लागायचं, 2020 पासून ती अट नाही. वयाची 65 पूर्ण झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या बऱ्याच औषधांचा खर्चही प्रांताच्या योजनेतून होतो. येताना डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ घटकांची नावं आणि मात्रा लिहून आणा. आपल्याकडच्या गोळ्यांची कंपनीची नावं इथल्या फार्मसीत कोणाला कळत नाहीत.

आता इंग्रजीच्या वर्गाबद्दल. त्याला लिंक म्हणतात, तो केंद्र सरकारच्या पैशावर चालतो आणि फुकट असतो. आधी भाषेची चाचणी होते आणि त्यानुसार पातळी ठरते. ‘आम्हाला इंग्रजी येतं की’ असं म्हणून बरेच जण जात नाहीत. मला वाचता-लिहिता छान येत होतं, तरी मी गेले आणि तुम्हीही जा असं कळकळीने सांगते. आमच्या वर्गात सीरियातून आलेले एक दंतवैद्य होते, इराणच्या एक आजी होत्या. बाई दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एका खुर्चीत रुग्ण, दुसरीत दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, आणि फोनवर बोलल्यासारखं बोलून डॉक्टरांची वेळ ठरवायची. समोरचा चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागतं. हे जमलं, की मुलगा ऑफिसातून येईपर्यंत कशासाठीही थांबावं लागत नाही. एक लक्षात ठेवा, नागरिकत्व मिळालं की लिंकचा वर्ग बंद होतो, म्हणून तो सुरुवातीलाच उरकून घ्या.

बसचा प्रवासही पहिल्या महिन्यातच एकट्याने करायला लागा. उतरायच्या थांब्याआधी खिडकीजवळची पिवळी दोरी ओढायची, एवढं तंत्र आहे. वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं आणि बऱ्याच वाचनालयांत इंग्रजी गप्पांचे गटही चालतात.

काम करायचं असेल तर वयाचा संकोच धरू नका. ऑन्टारिओत 2006 च्या डिसेंबरपासून सक्तीची निवृत्ती नाही. अर्जावर जन्मतारीख, फोटो, वैवाहिक स्थिती यातलं काहीही लिहायचं नसतं. इथल्या ओळखीच्या माणसाचं शिफारसपत्र मात्र सगळे मागतात, आणि ते मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे आधी कुठेतरी स्वयंसेवक म्हणून जाणं. मी वाचनालयात मुलांना गणितात मदत करायला जात होते. तिथल्या पत्रावर आणि पोलिसांच्या पडताळणीवर मला एका शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. रोजचे थोडेच तास, पगारही बेताचा. हिवाळ्यात पहिलीच्या पोरांना मैदानावर सोडायचं तर आधी स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी चढवले की पोराला जॅकेटची चेन लावता येत नाही. इतकी वर्षं वर्गात काढूनही हा क्रम मला तिथल्या सहावीतल्या एका मुलीने शिकवला, आणि मला ते मनापासून आवडलं.

पैशाचं बोलणं भारतातून निघण्याआधी करा. आई-वडिलांना स्पॉन्सर करणारा मुलगा किंवा मुलगी 20 वर्षं त्यांच्या खर्चाची लेखी जबाबदारी घेते (क्यूबेकचे नियम वेगळे आहेत). इथलं म्हातारपणाचं सरकारी पेन्शन 65 नंतर मिळतं, पण त्यासाठी साधारणपणे वयाच्या 18 नंतर कॅनडात 10 वर्षं राहिलेलं असावं लागतं. पूर्ण रकमेला 40 वर्षं लागतात. म्हणजे 64 व्या वर्षी येणाऱ्याने 74 पर्यंत त्यावर हिशेब मांडू नये. मुलगा-सून, मुलगी-जावई, सगळ्यांनी एकत्र बसून कोणता खर्च कोण करणार ते स्पष्ट ठरवा. आमच्याकडे सुनेनेच हा विषय काढला, त्याचे उपकार मी मानते. भारतातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं, पेन्शन असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि घर-जमिनीचं कुलमुखत्यारपत्र विश्वासातल्या माणसाच्या नावे करून ठेवलेलं बरं.

भारतात जाणं-येणं होणारच. तेव्हा दर 5 वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात भरायला हवेत, नाहीतर रेसिडेंटचा दर्जा धोक्यात येतो. प्रवासाच्या तारखा एका वहीत लिहीत जा. नागरिकत्वाच्या अर्जासाठी त्याआधीच्या 5 वर्षांतले 1095 दिवस दाखवावे लागतात, तिथेही हीच वही उपयोगी पडते. 55 च्या पुढच्यांना भाषेचा पुरावा आणि नागरिकत्वाची परीक्षा माफ आहे. मात्र कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं राहत नाही. भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं) काढता येतं. ह्यांनी अजून अर्ज केलेला नाही, मी केला आहे. हा निर्णय नवरा-बायकोने एकत्रच घ्यायला हवा असं काही नाही.