विमानाच्या हत्यारांना टॅग: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शिकलेल्यांची पावलं सहसा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे वळतात. मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत रुजू झालो. विमान देखभालीच्या हँगरमध्ये पाने, टॉर्क रेंच आणि सुटे भाग यांचा माग ठेवणारी आरएफआयडी यंत्रणा, म्हणजे वस्तूवरचा टॅग रेडिओ लहरींनी वाचणारी यंत्रणा, आम्ही बसवतो. या क्षेत्रात माणसं कमी आहेत आणि शिकण्यासारखं फार आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी हे काम कशासाठी ते बघा. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एका ए३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. इंजिन हाताने फिरवायचं सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार आतच राहिलं. ते घेऊन विमानाने ३४ उड्डाणं केली, जवळपास ३०० तास. हत्यार सापडत नाही हे लक्षात आलं होतं, तरीही विमान सोडलं गेलं. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. हत्यार गायब आहे एवढं कळून भागत नाही. ते सापडेपर्यंत किंवा ते विमानात नाही याची खात्री होईपर्यंत विमान अडवून धरणारी पद्धत हवी, आणि आपली यंत्रणा त्या पद्धतीत बसायला हवी.

आता तंत्र. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, तीच जात: ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, टॅगमध्ये बॅटरी नाही, रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो. पण फास्टॅग काचेवर असतो आणि आपला पाना पोलादाचा. साधा टॅग धातूला चिकटवला की त्याचा अँटेना बिघडतो, परावर्तित लहर मूळ लहरीला मारते आणि हातभर अंतरावरूनही टॅग उत्तर देत नाही. म्हणून मध्ये थर असलेले किंवा सिरॅमिकचे ‘ऑन-मेटल’ टॅग वापरतात. लहान सॉकेटवर तेही मावत नाहीत. तिथे लेझरने कोरलेला डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखा चौकोनी कोड) बरा. चिकटवण्याकडे विशेष लक्ष द्या. हँगरमध्ये स्कायड्रॉलसारखं हायड्रॉलिक तेल असतं, ते भलेभले गोंद सोडवतं. सुटलेला टॅग इंजिनात पडला तर तोच धोका.

खरी कसोटी मात्र ‘वाचला’ या शब्दाची आहे. कपाटाच्या रीडरने पाना वाचला म्हणजे पाना कपाटात आहे असं नाही. दाराबाहेरच्या ट्रॉलीवरचा टॅगही उत्तर देतो. आणि वाचला नाही म्हणजे पाना हरवला असंही नाही. तो दुसऱ्या पान्याखाली दबलेला असू शकतो. सिग्नलची ताकद, अँटेनाची दिशा, कपाटाला आतून लावलेली पत्र्याची आड, यांत माझा बहुतेक वेळ जातो. कॉलेजात याचं गणित शिकवतात; कपाट उघडून तासन्‌तास मोजमाप घेणं मात्र इथेच शिकायला मिळतं.

विमानाच्या भागांचं काम वेगळं आणि जास्त कडक. टॅगमध्ये काय लिहायचं (उत्पादकाचा कोड, पार्ट नंबर, सिरियल नंबर) याचे नियम स्पेक २००० या विमान उद्योगाच्या मानकात आहेत. टॅगने काय सोसावं ते एसएई एएस५६७८ या दुसऱ्या मानकात. लाइफ जॅकेट आणि ऑक्सिजन जनरेटर यांच्या मुदती तपासताना फायदा डोळ्यांना दिसतो: हातातला रीडर घेऊन सीटच्या ओळींमधून चालत गेलं की झालं. पण टॅग म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. भागाबरोबरचा रिलीज फॉर्म (भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला) नसेल तर टॅग कितीही बिनचूक असो, भाग बसवता येत नाही.

तयारी कशी करावी? एक स्वस्त यूएचएफ (वर सांगितलेल्या पट्ट्यातला) रीडर आणि वेगवेगळे टॅग घ्या. डबा, पक्कड, पाण्याची बाटली, ओलं लाकूड यांवर लावून अंतराची नोंद ठेवा. पायथन यायला हवं, एलएलआरपी (संगणक आणि रीडर यांच्यातल्या संवादाचा प्रोटोकॉल) ओळखीचं असावं. एएमईची (विमान देखभाल अभियांत्रिकीची) मुलं असाल तर तुमचं पारडं जड आहे, कारण शिफ्ट संपताना हत्यारांची मोजणी कशी होते हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. ईअँडटीसीवाल्यांनी तीच मोजणी बघायला टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, बसावं. हत्यारं देणाऱ्या माणसाला विचारा, कुठलं हत्यार सगळ्यात जास्त वेळा शोधावं लागतं. मी त्याचं उत्तर ऐकूनच पहिला टॅग कुठे लावायचा ते ठरवतो.