टकळीवर सूत कातायचंय? पंखा बंद करून बसा

ज्यांना घरी देवासाठी वाती वळायची सवय आहे ना त्यांना सूत कातणं अर्धं येतंच, खरंच सांगते. चरखा लगेच घेऊ नका, साधी टकळी (हाताने गिरकी देऊन फिरवायची, चकती लावलेली बारीक काडी) आणि पिंजलेल्या कापसाचे पेळू, म्हणजे सैल वळकट्या, एवढ्यावर सुरुवात होते. आमच्या ठाण्यात पावसाळ्यात हवा दमट असते, बाकी कशाला नसली तरी कापसाला ती मस्त मानवते कारण कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतात आणि सूत सारखं तुटतं, त्यामुळे एसी पंखा दोन्ही बंद, नाहीतर कापूस घरभर उडतो ते वेगळंच.

टकळीचं टोक छोट्या वाटीत टेकवून गिरकी द्या आणि पेळू अगदी हलक्या हाताने धरा, सगळे इथेच चुकतात. घट्ट दाबला की तंतू सुटतच नाहीत. कापसाचा तंतू जेमतेम 25-30 मिलिमीटरचा, म्हणून हात सावकाश मागे न्यायचा, आणि पीळ वर चढत चढत बोटांपर्यंत येतो तो चक्क जाणवतो हो, भुरभुरीत कापसाचा बघता बघता दोरा होतो, पहिल्यांदा झालं तेव्हा मी संध्याकाळचा चहा विसरले होते!

तुटलं तर गाठ मारू नका. दोन्ही टोकं थोडी पिंजून एकावर एक ठेवा आणि परत पीळ द्या, जोड कळतही नाही. सूत हलकं ओढल्यावर सरकून सुटलं तर पीळ कमी पडलाय, सैल सोडल्यावर भराभर गुंडाळ्या झाल्या तर जास्त झालाय. शेवटी कातलेल्या सुताची लड, म्हणजे मोठं वेटोळं, कोमट पाण्यात भिजवून वाळत टाका, पीळ पक्का बसतो.