कोरफडीची पिल्लं वेगळी करताय? या चुका टाळा

पहिले दोन पाऊस झाले की पुण्यातल्या गॅलऱ्यांमध्ये कुंड्या बदलायची लगबग सुरू होते. कोरफडीच्या बुडाशी पिल्लं दिसतात, शेजारच्या काकूंनी एक मागून ठेवलेलं असतं, आपण ते उपटून देतो. महिनाभरात ते रोप गेलेलं असतं. मग काकू म्हणतात, "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत." काकूंच्या हाताचा काही दोष नसतो. पिल्लूच कच्चं तोडलेलं असतं.

म्हणून आधी बुडाची माती बोटाने बाजूला करून बघा. आई आणि पिल्लू जोडणारा पांढरट दांडा लागेल. पिल्लाला त्याची स्वतःची दोन-तीन बोटभर लांब मुळं फुटलेली हवीत. नसतील तर माती परत ओढून ठेवा आणि थांबा. उंचीचं ढोबळ माप म्हणजे आईच्या निदान पाव हिश्शाएवढं. केळीचे मुनवे, म्हणजे बुडाशी येणारे फुटवे, निवडतानाही जाणते शेतकरी रुंद पानांचे टाळून तलवारीसारख्या निमुळत्या पानांचे घेतात, कारण त्यांचा कंद भरलेला असतो. स्वतःची शिदोरी असलेलं पिल्लूच तगतं.

दुसरी चूक पाण्याची, आणि सगळ्यात जास्त रोपं तीच घेते. मी एकदा ऐन जुलैत सात पिल्लं काढली, त्याच संध्याकाळी लावली आणि मायेने पाणी घातलं. आठवड्याभरात पानं बुडापासून काचेसारखी पाणीदार झाली, मग तपकिरी. धरून उचलायला गेले तर वरचा भाग हातात आला आणि खाली कुजका वास. ओल्या जखमेतून बुरशी आत शिरली होती. आता मी धारदार, पुसलेल्या सुरीने दांडा कापते, पिल्लं दोन-तीन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर ठेवते, कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की लावते आणि पुढचे चार-पाच दिवस पाणी घालत नाही. पानातच साठा असतो, ते तहानेने मरत नाही. आणि जुलै-ऑगस्ट टाळते. फेब्रुवारी-मार्च किंवा दसऱ्यानंतरचे दिवस बरे.

कुंडी चार इंचाचीच घ्या. मोठ्या कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते. नर्सरीतून रोपाबरोबर येणारी चिकट लाल माती वाळली की विटेसारखी होते. तिच्यात तेवढीच जाड वाळू आणि थोडं शेणखत मिसळा. नंतर पानं पातळ होऊन आत वळली तर मुळं धरली नाहीत किंवा पाणी कमी पडतंय. लालसर-तपकिरी पण घट्ट असतील तर ते ऊन आहे, दुपारी आडोसा द्या.

स्पायडर प्लांटचं लोंबतं पिल्लू तर तोडूच नका. शेजारी छोटी कुंडी ठेवा, पिल्लू मातीवर टेकवून केसांच्या पिनेने अडकवा आणि मुळं धरल्यावरच दोर कापा. पिल्लंच येत नसतील तर बहुधा कुंडी फार मोठी आहे किंवा उजेड कमी पडतोय.

पिवळ्या कडांचा स्नेक प्लांट पानाचे तुकडे लावून वाढवला की नवीन रोपं हिरवीच येतात. लोकांना वाटतं, नर्सरीवाल्याने फसवलं. तसं नसतं. पिवळी कड ही पेशींच्या वेगळ्या थराची असते आणि पानाच्या तुकड्यातून फुटणारं रोप तो थर घेऊन येत नाही. कड हवी असेल तर बुडाचा फुटवाच लावा.

पानफुटीत चूक उलटी होते. ती मूळची मादागास्करची; गळलेल्या पानाच्या खाचांमधूनही रोपं उठतात. छाटलेली पानं तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या उतारावर टाकू नका. तिथे ती पसरते आणि गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. सोसायटीच्या कंपोस्टमध्येही ती फुटते. पानं गच्चीवर उन्हात टाका, हाताने चुरली जाईपर्यंत वाळवा, मगच कचऱ्यात द्या.