जिप्सीचं इंजिन: आहे तेच नीट करायचं की दुसरं बसवायचं?

मारुतीची जुनी कार्बोरेटरवाली (इंजेक्शन नसलेली) जिप्सी किंग असेल तर मालकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. वरंध घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर दम टाकायला लागते, मागून लोक हॉर्न मारतात, आणि घरी येईपर्यंत चार मित्र सांगून झालेले असतात की अरे जुन्या बलेनो सेडानचं १.६ लिटरचं इंजिन टाक ना, गाडी उडेल. टाकता येतं, लोकांनी टाकलंयही, पण ते ठरवायच्या आधी काही गोष्टी तपासून घ्या म्हणजे पैसे योग्य जागी जातील. मी जिप्सीबद्दलच बोलतोय, कारण तीच गाडी मला नीट माहितीये.

पहिली तपासणी इंजिनची नाहीच, टायरची आहे. किंगला कंपनीकडून २०५/७० आर१५ टायर यायचे, त्याची उंची साधारण ६६८ मिमी. बहुतेकांनी दिसायला भारी म्हणून २३५/७५ आर१५ टाकलेले असतात, ते होतात ७३३ मिमीच्या आसपास, म्हणजे जवळपास १० टक्के मोठे. आता गिअरबॉक्स तोच, क्राउन पिनियन (एक्सलमधले चाकं फिरवणारे गिअर) तोच, त्यामुळे प्रत्येक गिअर १० टक्के लांब झाला आणि चढावर पिकअप मेला. वर स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही तेवढेच कमी दाखवतात, त्यामुळे अ‍ॅव्हरेजही पडल्यासारखं वाटतं आणि सगळा दोष इंजिनवर जातो. कुणा मित्राकडून मूळ मापाचे टायर दोन दिवस मागून घ्या, त्याच घाटात त्याच लोडवर गाडी चढवून बघा. फरक पडला तर तुमचा प्रश्न गिअरिंगचा आहे, इंजिनला हात लावू नका. आणि उंचीचाही हिशोब ठेवा, कार्बोरेटरचं इंजिन दर १०० मीटरला ढोबळ एक टक्का ताकद गमावतं, महाबळेश्वरला सुमारे १३५० मीटरवर ते गाव सोडताना होतं तसं चालणारच नाही.

टायर मूळचेच असतील तर मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या जागी गेज लावून सिलिंडरमधला दाब मोजायचा. इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज, चारही प्लग काढलेले, इग्निशन कॉइलची वायर सोडलेली आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, हे सगळं असेल तरच रीडिंग खरं मानायचं. घाईत थंड इंजिनवर एक प्लग काढून घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. चारही सिलिंडर १७० पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर आतून इंजिन ठणठणीत आहे, मग दोष कार्बोरेटर, टायमिंग, एअर फिल्टर, क्लच स्लिप किंवा धरून बसलेल्या ब्रेकमध्ये शोधा. एखादा सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा बघा, रीडिंग चढलं तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या, दाब धरून ठेवणाऱ्या) गेल्यात, जिथल्या तिथे राहिलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. धूरही बघा: सकाळी स्टार्ट करताना थोडा निळा निघून बंद होतो तो बहुतेक व्हॉल्व्ह सीलचा, आणि चढावर सतत निळा येत असेल तर रिंगा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, तिथून फुसफुस वाफ जोरात येत असेल तर तेही रिंगांचंच लक्षण.

व्हॉल्व्हचं निघालं तर हेडचं काम करा, विषय संपला, त्यासाठी इंजिन बदलायचा विचारसुद्धा नको. रिंग पिस्टनचं निघालं तर इंजिन खोलून लेथवाल्याकडून बोअर गेजने माप घ्या, नुसतं नखाने चाचपून "चालेल साहेब" म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका. किंगच्या या जी१३बीए इंजिनचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी. अर्धा मिमी ओव्हरसाइझ बोअर केलं तर १२९८ सीसीचं फारतर १३१६ होतं, १८ सीसीने ताकद वाढत नसते. म्हणजे बोअर मारणं हे इंजिन पुन्हा धड करण्यासाठी, फास्ट करण्यासाठी नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. बलेनोचं जी१६बी वेगळं पडतं ते मुख्यतः स्ट्रोकमुळे, तिथे बोअर ७५ मिमी पण स्ट्रोक ९० मिमी, म्हणून खालून ओढ मिळते आणि म्हणूनच लोकांना ते हवंसं वाटतं.

पण ते बसवायचं म्हणजे काय काय ते ऐका. बलेनोमध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं, त्यामुळे माउंटिंग, ऑइल संप, मॅनिफोल्ड, रेडिएटरचे पाइप, एक्झॉस्ट सगळं नव्याने जुळवायचं. इंजेक्शनचं इंजिन आहे म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, पूर्ण वायरिंग, टाकीत हाय प्रेशर पंप आणि रिटर्न लाइन. कोटेशनमध्ये बहुतेकदा फक्त "इंजिन आणि फिटिंग" लिहिलेलं असतं, हे बाकीचं नंतर एकेक करून निघतं, म्हणून सगळं लेखी घ्या. शिवाय कार्बोरेटर किंग ६० बीएचपीची गाडी आहे, ब्रेक, प्रॉपेलर, एक्सल त्याच हिशोबाने आहेत. ताकद वाढवली की त्यांचाही खर्च आला, आणि तो टाळलात तर घाट उतरताना जीव धोक्यात.

आता कागद, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथेच लोक अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आपल्या जिप्सी तर १५ वर्षांच्या पुढच्या, दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आरटीओत उभ्या कराव्या लागतात, तिथे चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. नंबर जुळला नाही की गाडी तिथेच अडकली. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही हाच मुद्दा काढणार.

मग इंजिन बदलायचं कधी? ब्लॉक तडकलाय, रॉड बाहेर आलाय, किंवा बोअर शेवटच्या साइझच्या पुढे गेलंय आणि स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी) घालूनही भरवसा नाही, तेव्हाच. तेव्हाही जी१३बीएच्या जागी जी१३बीएच शोधा, आधी आरटीओत जाऊन परवानगीचं बोला, आणि भंगारवाल्याकडून घेताना विक्रीचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची झेरॉक्स मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. विकत घ्यायच्या आधी त्याचंही कॉम्प्रेशन बघा.

कुणाला खरंच ८० बीएचपी हवेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे, २००० नंतरची एमपीएफआय (इंजेक्शनवाली) जिप्सी घ्या. त्यात कंपनीनेच १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी दिलंय आणि आरसी पण स्वच्छ. आपली विकून वर थोडे टाकले तर बदलाबदलीच्या खर्चापेक्षा ते बऱ्याचदा सोपं पडतं. फक्त खासगी जागेतल्या ऑफरोडिंगसाठी गाडी ट्रेलरवरून नेणार असाल आणि रस्त्यावर कधीच आणणार नसाल तर १.६ टाका, मस्त चालतं.

बाकी सगळ्यांनी आहे तेच इंजिन फुल करून घ्या: पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्रँक गरज असेल तर ग्राइंड, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सील, ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, आणि खोललंच आहे तर क्लच प्लेटही. कार्बोरेटर त्याच वेळी साफ करून नवीन किट टाकून घ्या, नाहीतर नवं इंजिन जुन्या मिक्स्चरवर चालेल. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर मोठ्या गिअरमध्ये रेटू नका, एकाच स्पीडवर तासन्‌तास हायवेलाही नेऊ नका, आणि ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, त्या ऑइलमध्ये बारीक चमकी दिसते ती नव्या रिंगा बसतानाची असते, पण नखाला लागतील एवढे धातूचे तुकडे दिसले तर गाडी तिथेच बंद करून टो करून मिस्त्रीकडे न्या.