जावाच्या यादीतलं नाव बदलत का नाही?

नांदेड, लातूर, परभणीकडं जावा शिकायला बसलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. अ‍ॅरेलिस्ट आणि लूप तुम्हाला येतात असं धरून चालतो.

आपल्या जिल्ह्यांचीच यादी घ्या: औरंगाबाद, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, उस्मानाबाद, बीड. २०२३ मध्ये यातल्या दोन जिल्ह्यांची नावं बदलली, ती यादीतही बदलायचीत. नवीन पोरं हमखास फॉर-ईच लूप लावतात आणि आत लिहितात: जिल्हा उस्मानाबाद असेल तर जिल्हा = धाराशिव. कंपाइल होतं, चालतं, एररचं नाव नाही. यादी छापली की उस्मानाबाद जागच्या जागी! यात माझ्या रात्रीच्या रात्री गेल्यात, म्हणून सविस्तर सांगतो.

लूपमधलं व्हेरिएबल म्हणजे यादीतला कप्पा नव्हे. दर फेरीला कप्प्यातला रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता, त्यात कॉपी होतो, एवढंच. त्याला धाराशिव दिलं की ते नव्या स्ट्रिंगकडं वळतं. कप्प्यात जुनीच स्ट्रिंग राहते. खरा घोळ पुढं आहे. यादीत विद्यार्थ्यांचे ऑब्जेक्ट असतील आणि याच लूपमध्ये सेटमार्क्स कॉल केलं, तर मार्क बदलतात! कारण कप्पा आणि व्हेरिएबल दोघांकडं एकाच ऑब्जेक्टचा पत्ता असतो आणि बदल त्या ऑब्जेक्टच्या आत होतो. स्ट्रिंगच्या आत काही बदलताच येत नाही. वहीत चौकोन आणि बाण काढा, दहा व्हिडिओ बघू नका. इंग्रजी कच्चं म्हणून हे जमत नाही, असं तर मनातही आणू नका. चित्र दिसलं की मराठी मिडियमवाल्यालाही सुटतं.

कप्पा बदलायचा तर इंडेक्सचा लूप आणि सेट. उस्मानाबादचा इंडेक्स ६. तिथं सेटऐवजी अ‍ॅड लिहिलं, तर धाराशिव मध्ये घुसेल, उस्मानाबाद पुढं सरकेल आणि यादीत नऊ जिल्हे होतील. जावा ८ पासून रिप्लेसऑलनं हे एका ओळीत होतं, पण लूपनं जमेपर्यंत त्याला हात लावू नका. 'कोड पाठ करा' म्हणणाऱ्या सरांपेक्षा 'यादी छापून दाखव' म्हणणारा सीनियर धरा.

यादी लिस्ट डॉट ऑफनं बनवली असेल तर सेट करताच अनसपोर्टेड-ऑपरेशन एक्सेप्शन येईल. घाबरू नका, ती यादी मुळातच बदलता येत नाही. ती नव्या अ‍ॅरेलिस्टच्या कन्स्ट्रक्टरला द्या आणि त्या नव्या यादीवर सेट चालवा.